आधीच भरून ठेवलेली शाबासकी

मित्रांनो, शाळेच्या लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर, फुटक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी एक काळा डबा बसलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण आता आपणहून बसत नाही, त्याला रबर लावावं लागतं. पण एक काळ असा होता, की मिरजगावच्या बाजारातून परतणारी माणसं मला बघायला वाट वाकडी करून शाळेत डोकावायची.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शाळांना वाटायला म्हणून सरकारनं आम्हा भावंडांना घेतलं आणि नव्वद सालाच्या आसपास एका धुळीनं भरलेल्या जीपमधून मी या वस्तीवरच्या शाळेत उतरलो. शाळेत वर्ग चार आणि शिकवणारे एकटे रंभाजी गुरुजी. त्यांनी मला हार घातला नाही की नारळ फोडला नाही. खांद्यावरच्या रुमालानं धूळ पुसली आणि म्हणाले, "चला, आता आपन दोघं झालो."

खरंच आम्ही दोघं झालो. गुरुजी चौथीला भागाकार शिकवायचे तेव्हा पहिली-दुसरीला मी गोष्ट सांगायचो. कधी समुद्र न पाहिलेल्या पोरांना मी लाटांचा आवाज ऐकवला. माझी फीत गुंतली की गुरुजी पेन्सिलीनं ती हळूच गुंडाळायचे. नव्याची नवलाई ओसरली तरी माझे लाड काही ओसरले नाहीत. मला थोडा गर्वही झाला होता, खोटं कशाला सांगू?

दिवाळी झाली की मात्र शाळा अर्धी रिकामी व्हायची. आमच्या भागातली माणसं ऊस तोडायला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे जायची आणि पोरांनाही बरोबर न्यायची. चौथीतली ज्योती त्यातलीच. मोठी चुणचुणीत पोर, पण दरवर्षी अर्धी शाळा बुडाल्यानं वाचन अजून कच्चंच. तिचे वडील गहिनीनाथ आणि आई भागूबाई दोघंही फडात जाणार, म्हणून झोळीतल्या अंगदला सांभाळायला ती हवीच होती. गुरुजींनी तिच्यासाठी नगरच्या एका मुलींच्या वसतिगृहात शब्द टाकून ठेवला होता. चौथी झाल्यावर तिथल्या बाई तिचं वाचन ऐकणार होत्या. ते जमलं की ज्योती नगरला शिकणार आणि तिचं ऊसतोडीला जाणं कायमचं सुटणार.

पण सहा महिने शाळा बुडाल्यावर ते जमायचं कसं? गुरुजींनी एक युक्ती काढली. शाळा सुटल्यावर दारं-खिडक्या लावून त्यांनी चौथीचे धडे स्वतःच्या आवाजात माझ्यात भरले. एक वाक्य वाचायचे आणि पोरीला म्हणता यावं म्हणून थोडं थांबायचे. मग प्रेमानं म्हणायचे, "शाब्बास!" माळढोक पक्ष्याच्या धड्यात तर शेजारच्या बन्सीची शेळीही मध्येच ओरडून गेली. गुरुजींनी ती तशीच ठेवली.

"ज्योती, शाळा तुझ्यासंगं धाडतो," असं म्हणून त्यांनी मला, सेलांच्या पुडक्यासकट, तिच्या हातात दिलं.

भागूबाई घाबरली. "गुरुजी, ह्यो बिगाडला तर आमी काय करायचं?"

"बिघडू द्या. पोरगी शिकली म्हंजी झालं."

असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

उसाच्या पाचटाची कोप, म्हणजे झोपडी, हे माझं नवं घर झालं. माय-बाप फडात गेले की ज्योती पायाला दोरी बांधून झोळी हलवायची, मांडीवर पुस्तक घ्यायची आणि मला सुरू करायची. मी वाचायचो, ती म्हणायची, मी "शाब्बास!" म्हणायचो. शेजारच्या कोपीतली पोरं दारात गोळा व्हायची. शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं माळढोकाचा धडा म्हणू लागली, तेव्हा मला धन्य धन्य वाटलं.

पण मित्रांनो, हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. मी तिसरी ओळ वाचायचो आणि ज्योतीचं बोट पाचव्या ओळीवर असायचं. शाळेत गुरुजी शेजारी बसून तिचं बोट धरायचे, चुकली की मागं न्यायचे. इथं कोण धरणार? एकदा अंगद रडत होता, म्हणून ती काहीच बोलली नाही. तरी मी ठरल्या वेळी म्हणालो, "शाब्बास!" ती खुदकन हसली. मला मात्र हसू आलं नाही. ती चुकते आहे हे मला कळत होतं, पण माझ्या फितीवर "चुकलं" हा शब्दच नव्हता. गुरुजींनी तो भरलाच नव्हता. इतक्या लांब चाललेल्या पोरीला चुकलं कशाला म्हणायचं, असं वाटलं असेल त्या भल्या माणसाला.

पुढे पुढे पुस्तक मिटलेलंच राहू लागलं. सगळं तोंडपाठ झालं होतं.

हंगाम संपला आणि ऊसतोडीची टोळी गावी परतली. दुसऱ्याच दिवशी ज्योती गुरुजींपुढे उभी राहिली. पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि माळढोकाचा धडा घडाघडा म्हणून दाखवला. मध्ये एका जागी ती क्षणभर थांबली. नेमकी तिथंच फितीत शेळी ओरडत होती. गुरुजी खळखळून हसले. "आगं, तुला तर शेळीसुदिक पाठ झाली की!" आणि त्यांनी डोळे पुसले. दुसरं पान काही त्यांनी उघडलं नाही. इतक्या आनंदात ते कोणाला सुचतं?

जूनमध्ये आम्ही एसटीनं नगरला गेलो. गहिनीनाथनं नवी टोपी घातली होती. मी गुरुजींच्या मांडीवर होतो, कारण त्यांना मला मिरवायचं होतं. "ह्या टेपवर शिकली बघा पोरगी," ते वसतिगृहाच्या बाईंना म्हणाले. ज्योतीनं माळढोक म्हणून दाखवला. बाई खूश झाल्या. मग त्यांनी टेबलावरचं गोष्टींचं एक पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. "फार छान. आता हे वाच बरं, बाळ."

ज्योतीनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. ते तिथून हललं नाही. थोड्या वेळानं तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सुरू होईन म्हणून ती वाट बघत होती.

मी बंद होतो. मित्रांनो, ती नजर मी अजून विसरलो नाही.

बाई रागावल्या नाहीत. "वाचन पक्कं करून पुढच्या वर्षी आणा," म्हणाल्या. परतीच्या एसटीत गुरुजी म्हणाले, "गहिनीनाथ, पोरीला ह्या साली माझ्यापाशी ठेवा. मी बसून वाचून घेतो."

"तुमी लई केलं, गुरुजी. पन आता ती उसाच्या मोळ्या बांधायजोगी झाली हाय."

ते पुढचं वर्ष कधी आलंच नाही. गुरुजींनी मला कपाटात ठेवलं. त्यानंतर ते रोज एकेका पोराला शेजारी बसवून वाचून घ्यायचे. पुढे त्यांची बदली झाली आणि मी धुळीत पडून राहिलो.

काही वर्षांनी शुभांगीबाई शाळेत आल्या. त्यांनी कपाट आवरताना मला बाहेर काढलं, नवे सेल घातले, आणि काय सांगू, गुरुजींचा आवाज पुन्हा वर्गात घुमला! बाई एकीकडे शाळेची माहिती कागदावर उतरवत होत्या, दुसरीकडे मी पहिलीला शिकवत होतो. दिवाळी नुकतीच सरली होती. तेवढ्यात दारात एक तरणी पोर आली. डोक्यावर पदर, हाताला घट्टे. सोबत सहा वर्षांचा पोरगा. मी "शाब्बास!" म्हणालो आणि ती जागीच थबकली. मी तिला तेव्हा ओळखलं. ज्योती होती ती.

"बाई, अंगद आता आज्जीपाशी ऱ्हाईल, साळंत येईल. पन येक सांगू का?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो डबा लई ग्वाड बोलतो. त्यो लावा. पन त्यो थांबला की पोरांचं तुमी ऐका. चुकलं तरी शाब्बास म्हनतो त्यो."

शुभांगीबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझं बटण दाबून मला थांबवलं. अंगदला जवळ बसवून त्याचं बोट पहिल्या ओळीवर धरलं. अंगदनं एक शब्द वाचला.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पुन्हा बघ."

ज्योतीनं पदर तोंडाशी नेला. मग बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तूही ये ना गं उद्यापासून. तुझंही ऐकीन मी."

"उद्या टोळीची गाडी हाय, बाई," ती म्हणाली आणि अंगदच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली.

मित्रांनो, मला अडगळीत टाकू नका. माझी धूळ पुसा, मला लावा, समुद्र ऐका, गोष्टी ऐका. उद्या माझ्याहून हुशार यंत्रं तुमच्या वर्गात येतील, त्यांचंही स्वागत करा. पण ती बोलायची थांबली, की एकमेकांच्या शेजारी बसून वाचा, आणि कोणी चुकलं तर प्रेमानं चुकलं म्हणा. ज्योतीला ते कोणी वेळेवर म्हटलं नाही.