वरच्यांचा वाटा

आन्सेल्मोच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला, बोलिव्हियात, डोंगर सुरू होतात तिथे तो मासे धरतो. गेल्या साली त्याने लिहिलं होतं, "तुमची खाच असलेला दोरादा मासा दोन वर्षांत दिसला नाही. खाच पाडणं सोडलंत का? लेक शहरात बोलावतेय. मासा यायचा असेल तर मी इथून हलणार नाही. तू सांगशील तसं."

मी काय सांगणार? मी शाळामास्तर. मासा मी कधी धड धरलेला नाही.

आमच्याकडे, नदीच्या खालच्या अंगाला, मोसमातला पहिला दोरादा विकत नाहीत. पाठीवरच्या मऊ पराला खाच पाडून सोडून देतात. तो अंडी घालायला थेट डोंगरापर्यंत जातो. तो वरच्यांचा वाटा. आमच्या वरच्या धबधब्यावर धरणाची भिंत आली तरी आम्ही खाच पाडत राहिलो. भिंतीच्या कडेने माशांसाठी वाट ठेवलीय, जातील, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

यंदा पाणी चढू लागलं आणि कोळीण झुलेइदेने पहिला मासा होडीत ओढला.

"या मास्तर, यंदा तुमचा मान. सुरी धरता येते ना, की पुस्तकात बघायचंय?"

मी वाकलो. सोनेरी अंग, चपटं चंदेरी डोकं. परावर तीन खाचा होत्या, कडा भरून आलेल्या.

"हा तोच, गेल्या सालचा?"

"चष्मा पुसा. दुसरा कोण?" ती जाळ्याकडे बघत म्हणाली, "गेल्या साली मी तिसरी पाडली. दोन आधीच होत्या."

"बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला असता?"

मी खाच न पाडताच सुरी तिला परत दिली. तिने मासा पाण्यात सोडला. तो थोडा वेळ होडीपाशीच राहिला, मग भिंतीकडे गेला.

घरी साबुकंदाचं पीठ घालून रस्सा खाल्ला. चव कळली नाही. मग लिहायला बसलो. अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं माझ्या. "खाच पाडतो. मासा इथेच आहे, भिंतीच्या खालच्या अंगाला. वाट बघू नकोस. लेकीकडे जा." एखादं बरं वाक्य हवं होतं. सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या खिडकीत पाकीट दिलं.

"बोलिव्हिया?" आतली बाई म्हणाली. "वर पोचायला वेळ लागेल हं, मास्तर."

"लागू दे," मी म्हणालो. तिने शिक्का मारला.