रोग शोषणारी निळी पट्टी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या स्पर्शगुरूंनी एका निवृत्त पोस्टमनचं मनगट पाण्याने ओलं केलं, त्यावर बोटभर पातळ पट्टी चिकटवली आणि डोळे मिटून आपल्या राखाडी अंगठीने दाबली. बघता बघता फिकट पट्टी गडद निळी झाली.

"हा पाहा रोग!" गुरू गरजले. "मुळासकट वर आला! आता हवेत विरणार!"

थोड्या वेळाने निळा रंग खरंच ओसरला. टाळ्यांनी छत दणाणलं.

"ही पट्टी शरीराशी बोलते, बंधूंनो. गोळ्या नुसत्या शरीराचं तोंड दाबतात!"

शेवटच्या रांगेतल्या संशोधिकेने मान खाली घातली. 'ही पट्टी शरीराशी बोलते' हे वाक्य तिचंच होतं.

वीज वाहून नेणारं प्लास्टिक बनवणं हे तिचं काम. अशा मऊ पट्ट्या त्वचेवर लावून उद्या हृदयाचे ठोके मोजता यावेत, म्हणून ती दहा वर्षं राबत होती. प्रयोगशाळा लोकांसाठी खुली ठेवली त्या दिवशी टाळ्या मिळाव्यात म्हणून तिने ते वाक्य फेकलं. आज मंचावर गुरू म्हणून मिरवणाऱ्या याच गृहस्थाने तेव्हा शाळेत दाखवायला म्हणून पट्टीची गुंडाळी मागितली आणि तिनेही हुरळून जाऊन दिली.

पंधरा दिवसांपूर्वी मावशीच्या मनगटावर ती पट्टी दिसली, तेव्हाच तिने ओळखली होती. पण प्रयोगशाळेचं नाव निघेल, वरिष्ठ जाब विचारतील, या भीतीने तिने मूग गिळले. पट्टीच्या भरवशावर मावशीने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली. काल डॉक्टरांना दोन बोटं काढावी लागली.

ती उठून मंचावर गेली. पिशवीतून बटाटा काढला.

"गुरुजी, याला काय झालंय?"

हशा पिकला. गुरू लाल झाले. "थट्टा करता?"

तिने गुरूंच्याच भांड्यातलं पाणी बटाट्यावर शिंपडलं, त्यांचीच एक पट्टी लावली आणि जुन्या सेलचा जस्ताचा तुकडा टेकवला. पट्टी निळी झाली.

पोस्टमनने भांड्यात बोट बुडवून चाखलं. "अहो, हे तर खारट!"

"मीठपाणी, जस्त आणि ही पट्टी मिळून छोटा सेल तयार होतो," ती म्हणाली. "त्या विजेने पट्टीचा रंग गडद होतो, हवेने पुन्हा उतरतो. यांची अंगठी जस्ताची आहे. काढायला सांगा आणि मग करून दाखवायला सांगा."

गुरूंनी मूठ घट्ट मिटली.

"पण पट्टी आली कुठून?" कोणीतरी ओरडलं.

ती लोकांकडे वळली. "मी दिली. आणि कळल्यावर पंधरा दिवस गप्प बसले."

तिथून ती थेट दवाखान्यात गेली. मावशीला सगळं सांगितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

मावशी पायाच्या बँडेजकडे पाहत राहिली. "तो तर परका होता गं," एवढंच बोलून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

चमत्कार दिसला की विचारा, हेच बटाट्यावर होतं का? दाखवणाऱ्याची अंगठी काढायला लावा. पांढऱ्या कोटातलं माणूस बोललं तर त्यालाही विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याने कोणी विचारण्याची वाट पाहू नये.