धाकटी लेडी ॲशकूम

दोरीवरून पुढे ओणवलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना नंदाने हातानेच मागे सरायला सांगितलं आणि ती चित्राकडे वळली. चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज उमराव, लॉर्ड ॲशकूम, मांडीवर तलवार आडवी टाकून बसलेला. भोवती चार मुलं, गळ्यात कडक झालरी. शेजारी सोनेरी खुर्चीत त्याची बायको, बाकीच्यांपेक्षा अंमळ फिकट.

"ती फिकट दिसते, कारण चित्र काढलं तेव्हा ती जिवंत नव्हती," नंदा म्हणाली. "शेंडेफळाच्या बाळंतपणात गेली. चित्रकाराने तिचा चेहरा जुन्या तसबिरीवरून उचलला."

लोकांनी 'ओह' केलं. इथे लोक नेहमीच 'ओह' करतात. निवृत्त झाल्यापासून नंदा या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर गाइड होती. आज खरं तर तिची पाळी नव्हती, पण आजची गाइड आजारी पडली आणि नाही म्हणणं नंदाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. पहाटे उठून खीर आटवून, कारली परतून ती घरातून निघाली होती. टाचा ठणकत होत्या.

"मग याने परत लग्न नाही केलं?" म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"केलं ना. चित्र काढलं तेव्हा दुसरी घरातच होती. ही चारही मुलं तिनेच वाढवली."

"मग ती कुठाय?"

"चित्रात नाही."

एवढ्यावर ते थांबतील असं तिला वाटलं होतं. पण काही माणसांना धसास लावल्याशिवाय चैन पडत नाही.

"लॉर्ड गेल्यावर तिचं काय झालं?"

"थोरला मुलगा लॉर्ड झाला. हिला इस्टेटीच्या टोकाला एक लहानसं घर दिलं. विधवांसाठी तशी घरं असायचीच तेव्हा."

"मुलं भेटायला जायची तिला?"

नंदाने उत्तरासाठी तोंड उघडलं, तर दालनाच्या दारात इशिता उभी. ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच, हातात गाडीची किल्ली. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"माहीत नाही," नंदा म्हणाली. "कुणी लिहून ठेवलेलं नाही."

दोघी गाडीने घरी निघाल्या. इशिता ड्राइव्ह करत होती, नंदाने बूट काढून पाय मोकळे केले होते.

इशिता तिसरीत आणि अनीश बालवाडीत असताना त्यांची आई, राधिका, गेली. दोन वर्षांनी शशिकांतने नंदाशी लग्न केलं. मुलांनी तिला मावशी म्हणावं असं ठरलं आणि ते तसंच राहिलं. त्या पहिल्याच पितृपक्षात नागपूरहून सासूबाईंचा फोन आला होता. अहेवपणी गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करायचं असतं, आणि पहिलीचं दुसरीने हौसेने करायचं. राधिकेच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. हौस कुठून आणायची ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. पण नंदाने एकही वर्ष चुकवलं नाही. गल्लीतली रीमा सवाष्ण म्हणून यायची.

मुलं मोठी झाली, पांगली. इशिता गाडीने काही तासांवर पिस्कॅटवेला, अनीश पार विमानाने जावं लागेल इतक्या लांब, अल्फारेटाला. दिवाळी कॅन्सल व्हायची, नंदाचा वाढदिवस तर मेसेजवरच उरकायचा. पण आईच्या नवमीला दोघांतलं एक तरी घरी येणारच.

फेब्रुवारीत शशिकांत गेला. आणि नवऱ्यामागे नवमीही संपते. ती नवरा असेतोवरच करायची. हे नंदाला पक्कं ठाऊक होतं. तिने कुणाला सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात फोन करून फक्त म्हणाली, नवमी आलीय हं, येशील ना? देवाधर्माच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती. पण हा दिवस गेला तर या मुलांनी या घरी यायचं ते कशासाठी? कुणासाठी, हा प्रश्न तिने स्वतःला विचारायचं टाळलं होतं.

घरी येताच तिने राधिकेच्या फोटोला हार घातला, टेबलावर सवाष्णीचं ताट मांडलं आणि कढई चढवली. भरड्याचे वडे तेवढे आयत्या वेळी तळायचे होते.

"रीमाला फोन कर गं. म्हणावं, दहा मिनिटांत ये."

"रीमाआँटीला मी नको म्हटलंय."

"अगं! मग सवाष्ण कोण? मी तर आता..."

"सवाष्ण लागत नाही, मावशी. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बाबांनंतर ही नवमी नसते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. काही बोलायच्या आत नंदाचा चेहरा पडला. लाज तर वाटलीच, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता. इतक्या वर्षांचा सगळा एकदम पायांत उतरला.

इशिताने तिच्या हातून झारा घेतला. "तू बस. मी तळते."

जवळची खुर्ची मांडलेल्या ताटासमोरची होती. नंदा तिच्यावरच बसली.

"कधी विचारलंस गुरुजींना?"

"ऑगस्टमध्येच. ऑफिसमधून हाफ-डे लीव्ह घ्यायची होती ना, म्हणून डेट विचारायला फोन केलेला."

म्हणजे नंदाच्या फोनच्या कितीतरी आधी. त्या फोनवर ही मुलगी शांतपणे 'येते ना' म्हणाली होती.

"तेव्हाच का नाही बोललीस? उगाच लीव्ह काढून, एवढं ड्राइव्ह करून आलीस कशाला?"

इशिताने वडा उलटला, निथळू दिला. आजवर या घरात या दिवशी पहिला वडा नैवेद्याला जायचा. तिने तो नंदाच्या ताटात वाढला.

"जेवायला," ती म्हणाली.