खुब्याची दोन हाडं

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मी अडतीस वर्षं हाडं उकळली. मेलेलं जनावर आलं की मी मांस उतरवायचे, टाकीत शिजवायचे, हाडं घासून पांढरी करायचे. ती तारेने जोडून सांगाडा उभा करायचं काम आधी नवऱ्याचं, तो गेल्यावर मुलाचं. शाळा माझी चौथीत सुटली, पण डोळे मिटून हातात हाड द्या, कुणाचं नि कुठलं ते सांगेन. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगटातले खडे, मग बोटं. घोड्याने एका बोटावर जन्म काढला, वटवाघळाने बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबवली, पण मांडणी तीच. खेकड्याचं तेवढं उलटं, भिंती बाहेर आणि बिऱ्हाड आत. त्याला मी कधी नात्यात धरलं नाही.

माझा एक नियम होता. जिभेखालचं एक सोडलं तर प्रत्येक हाडाला शेजारी असतो. शेजारी नसेल ते हाड त्या जनावराचं नाही.

गेल्या वर्षी किनाऱ्यावर मेलेला देवमासा तुकडे करून आणला. मुलगा म्हणाला, "आई, शेपटीच्या अलीकडे मांसात दोन सुटी हाडं असतील. जपून काढ."

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून काढतेय. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही गं, सांगतोय."

"एकच ते."

हाडं सापडली. वीतभर, बारीक, जराशी वाकडी. मणक्याला नाहीत, कशालाच टेकलेली नाहीत. मी ती कचऱ्याच्या पोत्यात टाकली. त्याचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणूनच टाकली. माझ्याच पोराने माझा नियम मोडायचा, हे मला सोसवेना. सकाळी पोतं खताच्या गिरणीत गेलं.

सांगाडा छताला टांगला, आणि तपासायला बाहेरून एक साहेब आले. मान वर करून सगळं बघितलं आणि म्हणाले, "खुब्याची हाडं कुठायत?"

मी म्हटलं, "माशाला कसला आलाय खुबा?"

"हा मासा नाही, मावशी. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे. मग पाण्यात गेले. पिढ्यान्‌पिढ्या मागचे पाय आखडत संपले, खुब्याची दोन हाडं तेवढी राहिली."

"पाण्यात कशाला गेले? जमिनीवर सासुरवास होता?"

साहेब हसले. आमच्या प्रमुख मॅडम हसल्या नाहीत. आदल्या वर्षी कपाटातून वाघाचे दात गेले होते, आणि चोर अजून सापडायचा होता. त्यांनी माझ्या मुलाकडे बघितलं. मुलाने माझ्याकडे. मी ब्रश उचलला आणि नळाखाली धुवायला लागले. स्वच्छच होता.

"माझ्या हातून हरवली," मुलगा म्हणाला.

आठ दिवसांत त्याला काढलं.

सांगाडे जोडणारा माणूस दुसरीकडे कुणाला हवा असतो? तो शीतगृहात खोकी उचलायला लागला. केसाएवढ्या तारेने चिमणीचा पाय जोडणारी बोटं, ती गारठ्याने फुटली. सूनबाई माझ्यापुढे ताट ठेवायची आणि निघून जायची. मी स्वतःला सांगायचे, तरणा आहे, निभावेल. असे चार महिने निभावले मी, त्याने नव्हे.

शेवटी मॅडमकडे गेले आणि खरं ते सांगितलं.

"मावशी, आता काय उपयोग? नवा माणूस लागला. कागदावर तुमच्या मुलाची सही आहे." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या वयाकडे बघून मी हे ऐकलंच नाही असं समजते."

माझी आजवर कुणी कीव केली नव्हती.

घरी मुलगा बोटांना मलम लावत बसला होता. मी दारातूनच म्हटलं, "ती हाडं मी टाकली."

"माहितेय. त्याच सकाळी पोत्यामागे गिरणीपर्यंत गेलो होतो. दळून झालं होतं."

"मग साहेबांपुढे खरं का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू ब्रश धुवायला लागलीस." त्याने दुसरं बोट पुढे घेतलं. "म्हटलं, या वयात हिला कुणी चोर म्हणायला नको."

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. लहान मूलही म्हणतं. माझ्या तोंडून निघालं, "वा! उपकारच केलेस की माझ्यावर!"

त्याने मलमाचं झाकण लावलं. सूनबाईने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू दोघांत काही आधीच ठरलं होतं. महिना संपायच्या आत ती दोघं दुसऱ्या गावाला गेली.

रविवारी त्याचा फोन येतो. गुडघा कसा आहे विचारतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो. मी सांगते, घेतल्या. तरी फोन ठेवत नाही. तो थांबलेला असतो, मला कळतं. माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असतात.

"ठेवू?" तो विचारतो.

"ठेव," मी म्हणते.