उभ्या गाडीची किंकाळी

घरातली थोरली सून नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती मलमपट्टी करायची. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे सासऱ्यांची जुनी गाडी तिच्याच हातात आली होती. गाडी तशी गुणाची. पण हल्ली सुरू झाली की अशी किंचाळायची, की गल्लीतली कुत्री अंग चोरून बाजूला व्हायची. लकवा झालेल्या एका आजोबांचा कसाबसा लागलेला डोळा या आवाजाने उघडला. त्यांच्या लेकीने दार जरा जोरातच लावलं. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅरेजवाल्याने इंजिनाचा पट्टा बदलून दिला. जुना खरंच झिजला होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण नवा पट्टाही आठवडाभरात बोंबलू लागला. त्याने दुसरा घातला, त्याचीही तीच तऱ्हा. मग ती पुन्हा गेली, तेव्हा वाटेत उतरायचं म्हणून धाकटा दीर बरोबर होता. गॅरेजवाल्याने तिच्याकडे पाठ केली आणि दिराशी बोलायला सुरुवात केली.

"साहेब, पट्ट्यात काही दोष नाही. वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवतात. बायकांची सवयच असते ती."

"गाडी उभी असताना ओरडते," ती म्हणाली. "न्यूट्रलमध्ये. तेव्हा क्लचवर माझा पाय नसतोच."

"तेच म्हणतोय साहेब," तो दिराकडेच बघत म्हणाला, "सवय मोडायला वेळ लागतो."

दीर हसला. रात्री जेवताना त्याने हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. जाऊबाईही ताटात बघून हसल्या.

"भाऊजी, तुम्ही कधी बॉनेट उघडलंय?" तिने विचारलं.

"त्यासाठी गॅरेजवाले असतात ना, वहिनी."

तिने ताट बाजूला सारलं. पेशंट समोर जागा असताना नातेवाईक त्याच्या डोक्यावरून बोलायचे, "यांना झोप लागते का हो?" तेव्हा ती त्यांना सरळ झापायची. "त्यांनाच विचारा, ऐकू येतंय त्यांना." आणि आज तिच्याच डोक्यावरून बोलणं चाललं होतं.

सकाळी तिने केस घट्ट बांधले, बाह्या वर सारल्या, बॉनेट उघडलं आणि गाडी सुरू केली. किंकाळी आलीच. पिशवीतली मोठी सिरिंज पाण्याने भरून, हात लांब ठेवून, तिने फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर बारीक धार सोडली. आवाज एकदम थांबला. पाणी उडून गेलं, तसा परत सुरू झाला.

ती विचारात पडली. पट्टा सैल असता तर ओला झाल्यावर आणखी घसरला असता, जास्त ओरडला असता. म्हणजे ताण बरोबर होता. तिला आईचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवलं. त्याचं वरचं चाक आणि खालचं चाक एका रेषेत नसलं की पट्टा असाच कुरकुरायचा आणि त्याची एक कड खाल्ली जायची.

तिने इंजिन बंद केलं. पट्ट्याची एक कड खरंच कुरतडल्यासारखी झाली होती, खाली काळा भुगा पडला होता. तिने स्टीलची सरळ पट्टी पट्टा फिरवणाऱ्या चाकांवर आडवी धरली. दोन चाकं पट्टीला चिकटली. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं चाक मात्र आत राहिलं. त्याच्या बोल्टपाशी एका बाजूला जाड वॉशर होता, दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी जागा. पट्टा बदलताना कुणीतरी सगळं खोललं होतं आणि जोडताना एक वॉशर घालायचा राहिला होता.

ती तडक गॅरेजमध्ये गेली. दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती.

"साहेब नाही आले?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"साहेबांचं काय काम? गाडी मी चालवते. माझ्याशी बोला, आणि इकडे बघून बोला."

तिने पट्टी चाकांवर धरून दाखवली. तो वाकला, पुन्हा वाकला, कान खाजवला. बाकावरचे लोकही उठून बघायला आले.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला.

"कधीकधी नाही. तुम्ही दोनदा पट्टा घातलात, दोनदा तो वाकडा बसला. आणि खापर माझ्या पायावर फोडलंत."

त्याने वॉशर शोधून बसवला, चाक रेषेत आणलं, खाल्लेला पट्टा काढून नवा चढवला. गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. माफीचा एक शब्दही नाही. ती गेटबाहेर पडते न पडते तोच त्याने खिशातून फोन काढला.

फोन कुणाला होता ते घरी कळलं. दीर दारातच उभा होता.

"काम झालं म्हणे, वहिनी. मी सांगत नव्हतो, गॅरेजवाला हुशार आहे म्हणून? बरं, उद्या मला गाडी लागेल, मित्राकडे जायचंय."

"उद्या मला पेशंट आहेत," ती म्हणाली. "तुम्ही बसने जा, भाऊजी."

तो पुढे काही बोलायच्या आत ती हात धुवायला मोरीकडे गेली. नखांतली काळी रेघ साबणाने निघेना. तिने ब्रश घेतला आणि दात-ओठ खात घासत राहिली.