मेजरचं काय करायचं

अण्णांच्या पिंडाला कावळा शिवेना, याचं चारुशीलाला काडीचं नवल वाटलं नाही. आमटीत गूळ कमी पडलाय की जास्त, हे ठरवायला ज्या माणसाला जिवंतपणी अर्धा तास लागायचा, तो मेल्यावर असा एका हाकेत ऐकतोय होय!

कराडच्या संगमावर सकाळी नऊपासून सगळी उभी होती. जूनचं ढगाळ, कुबट ऊन. दहाव्याला हल्ली बायकाही येतात, म्हणून सून या नात्यानं चारुशीलाही आली होती. म्हणजे डबे, पत्रावळी आणि तांब्या उचलायला आली होती. पुढे तिचा नवरा मुकुल ओल्या धोतरात हात जोडून उभा. त्याच्या शेजारी त्याची बहीण भार्गवी, सांगलीहून आलेली, नाकाला रुमाल लावून. गुरुजी दर पाच मिनिटांनी मनगट बघत होते, कारण त्यांना पलीकडच्या घाटावर अजून एक दहावा होता. समोर भाताचा पिंड, भोवती अण्णांच्या आवडीची जिलबी, अळूवडी आणि कपभर चहा. कठड्यावर सात-आठ कावळे बसून हे सगळं नुसतं बघत होते.

आणि मागे पिंपळाच्या पारावर पोट वर करून मेजर झोपला होता.

मेजर हे अण्णांच्या कुत्र्याचं नाव. 'अण्णांना शेवटचं भेटू दे बिचाऱ्याला,' म्हणून भार्गवीनं त्याला संगमावर आणायला लावलं होतं. बिचारा आल्या आल्या कुणाच्या तरी चपलेवर मुतला आणि झोपला.

नऊ वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या लालासाहेबांनी हे पिल्लू टोपलीत घालून आणलं होतं. लालासाहेब फौजेतले रिटायर सुभेदार. "आवं अण्णा, ह्येचा बा मिल्ट्रीत हाय," ते म्हणाले होते. "अस्सल अल्सेशन. कान उभं ऱ्हाऊ द्या, मग बगा कसा दिसतोय त्यो." अण्णांनी विश्वास ठेवला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसानं इतका भोळेपणा कुठून आणला, देव जाणे. नऊ वर्षं झाली, कान काही उभे राहिले नाहीत. एक डोळ्यावर पडायचा, दुसरा जाईल तिकडे जायचा आणि शेपटीची तर जिलबीच झाली. बाप मिल्ट्रीत असेल नसेल, आई कुठल्या गल्लीतली ते अख्ख्या कराडला दिसत होतं. पण अण्णांपुढे 'गावठी' हा शब्द काढायची सोय नव्हती. "अल्सेशियनमध्ये असाही एक प्रकार असतो," ते ठणकावून सांगायचे. वर नाव ठेवलं मेजर. देणारा आयुष्यभर बंदूक वाहून सुभेदार झाला आणि दिलेलं कुत्रं पहिल्याच दिवशी मेजर!

या मेजरवर प्रेम अण्णांनी करायचं आणि त्याचं सगळं चारुशीलानं करायचं, अशी विभागणी आपोआप झाली. सकाळी दूध-भाकरी, दूध कोमट हवं, भाकरी ताजी हवी. शिळी कुस्करून घातली तर मेजर ताटलीकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, आणि अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन असा सुस्कारा टाकायचा की अण्णा आतल्या खोलीतून ओरडायचे, "सूनबाई, आज त्याच्या जेवणाचं काय झालं?" वाळत घातलेल्या पापडांवर केस. पावसाळ्यात अंगाला येणारा तो ओल्या गोणपाटासारखा वास. पोस्टमनवर भुंकून भुंकून त्यानं पोस्टमनला पत्रं फाटकातून फेकायची सवय लावली. आणि परसातल्या खोपटातून भरलेला गॅसचा सिलिंडर चोरानं भरदुपारी नेला, तेव्हा हा मेजर त्या चोराबरोबर शेपटी हलवत कोपऱ्यापर्यंत गेला होता. समोरच्या मनुबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, घरचाच माणूस आहे.

कोयनेकडे जमीन हलली की कुत्र्यांना आधी कळतं म्हणतात. एकदा पहाटे चांगली भांडी पडतील एवढे धक्के बसले. अख्खी गल्ली रस्त्यावर. सगळीकडची कुत्री रडत होती, आणि मेजर पलंगाखाली घोरत होता. त्याला बाहेर काढायला पुन्हा आत कोण गेलं? चारुशीलाच गेली. अण्णा रस्त्यावरून सूचना देत होते.

कुत्र्यामुळे घराला सुख असतं, असं भार्गवी सांगायची. ती दिवाळीला यायची, मेजरच्या गळ्यात पडायची, फोटो काढून घ्यायची आणि त्याला पेढे भरवून सांगलीला निघून जायची. पुढचे दोन दिवस मेजरचं पोट बिघडलेलं असायचं. ते सुख कुठल्या फडक्यानं पुसायचं, हे काही ती सांगून जायची नाही. सुखाचा एकच प्रसंग चारुशीलाच्या आठवणीत होता. एकदा ती स्वयंपाकघरात बसून रडत होती आणि मेजर आला, त्यानं तिच्या पावलावर हनुवटी टेकवली. क्षणभर तिला खरंच बरं वाटलं. मग कळलं, पायाखाली पोळीचा तुकडा होता.

ती त्या दिवशी रडत होती नोकरीपायी. चारुशीला एम.ए., बी.एड. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेनं तिला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा अण्णांना काहीच झालं नव्हतं, पण "अण्णांकडे कोण बघणार?" असं मुकुलनं विचारलं आणि ते पत्र डब्यात गेलं. आता तिसऱ्यांदा ऑर्डर आली होती. सोळा तारखेला, सोमवारी हजर व्हायचं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे ही शेवटची. सांगलीत खोली बघून ठेवलेली, शनिवार-रविवार कराडला यायचं ठरवलेलं. ऑर्डर आली आणि चौथ्या दिवशी अण्णा गेले. वाईट वाटलं तिला, नाही असं नाही. पण मनाच्या एका कोपऱ्यात तिनं बॅगही भरली, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

सुतक चालू असतानाच भार्गवीनं विषय काढला. "वहिनी, तुम्ही गेलात तर मेजरचं काय करायचं?"

"तुम्ही न्या ना सांगलीला. तुमचा जीव आहे त्याच्यावर."

"आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर," भार्गवी म्हणाली. "आणि तुम्हाला तसं मागे मूलबाळ काही नाही. तुम्हाला काय जड आहे?"

मुकुल तिथंच पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं. हा माणूस साखर कारखान्याच्या हपिसात दहा ते पाच खुर्ची उबवायचा, साडेपाचला घरी यायचा, मेजरच्या डोक्यावर दोन थापट्या मारून 'काय मेजरसाहेब' म्हणायचा. नऊ वर्षांत त्याचं कुत्र्याशी नातं ते एवढंच. "बघू," तो म्हणाला. "आत्ता लगेच नोकरीचं कशाला? लोक काय म्हणतील, सासरा गेला आणि कुत्रं वाऱ्यावर टाकलं." सासरा गेला तरी कुत्रं उरलंच होतं, आणि तिला अडवायला तेवढं त्याला पुरत होतं.

तर संगमावर साडेदहा वाजले. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. शब्द द्या, म्हणजे मोकळे होतील."

मुकुलनं हात जोडले. "अण्णा, वर्षश्राद्ध जोरात करू. दोनशे पान घालू." कावळ्यांनी पंखसुद्धा हलवले नाहीत.

"अण्णा, औंधच्या यमाईची ओटी राहिली होती ना, मी भरीन," भार्गवी हुंदका देत म्हणाली. एक कावळा चोच घासू लागला.

"परसात आंबा लावू." काही नाही. "तुमचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावू." काही नाही. बोलून बोलून मुकुलचा घसा सुकला. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढले. आता दर्भाचा कावळा करून शिववायचा आणि उरकायचं. पण तसं केलं की गावभर होतं. अमक्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही, पोरांनी काय छळलं असेल म्हाताऱ्याला!

"आवं, कुत्र्याचं बोला की," मागून लालासाहेब म्हणाले. "म्हाताऱ्याचा जीव त्यात हाय. ह्ये काय मला सांगाय लागतंय व्हय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कुत्र्याकडे नाही, चारुशीलाकडे. गुरुजीसुद्धा तिच्याकडेच बघत होते. चारुशीलाला वाटलं, आत्ता तोंडातून 'मी सांभाळीन' एवढे दोन शब्द गेले की संपलं. मग सोमवार नाही, सांगली नाही, फळ्यावर नाव लिहायचं नाही. पिंडापुढचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती. एम.ए. असली म्हणून काय झालं? ती याच मातीत वाढली होती.

"वहिनी, म्हणा ना एकदा," भार्गवीनं कोपर मारलं.

"ज्याचं प्रेम आहे त्यानं म्हणावं," चारुशीला म्हणाली.

भार्गवी पुढे झाली, कारण आता लोक बघत होते. "अण्णा, मेजरला मी... मी अधूनमधून बघायला येत जाईन." कठड्यावरचे दोन कावळे उडूनच गेले.

मुकुल चुळबुळला. "अण्णा, मेजरला आम्ही सगळे मिळून सांभाळू." एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, थांबला आणि परत कठड्यावर जाऊन बसला. घाटावर जमलेल्यांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. चारुशीलाला त्या कावळ्याचं कौतुक वाटलं. तिला नवरा ओळखायला चार वर्षं लागली होती.

मग मुकुलनं घसा साफ केला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, मेजरला चारू सांभाळेल. ती कुठेही जाणार नाही. मी शब्द देतो."

बोलणं संपतंय न संपतंय तोच कावळा आला. तो सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि जिलबी घेऊन कठड्यावर गेला.

"शिवला! शिवला!" लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. भार्गवी आनंदानं रडली. "ऐकलं अण्णांनी," मुकुल डोळे पुसत म्हणाला. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं, जसं काही स्वतःच्या अंगावरचं काही काढून दिलंय. आणि चारुशीलाच्या अंगाची लाही लाही झाली. माझं आयुष्य, आणि यांनी शब्द दिला! विचारलं नाही, वळून पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून देऊन टाकलं, देवळात नारळ द्यावा तसं. आणि म्हातारासुद्धा कसला बेरकी! बाकी कुणाच्या शब्दावर हलला नाही.

ती पत्रावळी आवरायला वाकली आणि वाकल्या वाकल्या तशीच थांबली.

"गुरुजी," ती म्हणाली, "पिंडापुढे दिलेला शब्द कुणी पाळायचा असतो?"

गुरुजी पिशवी भरत होते, घाईत होते. "ज्यानं दिला त्यानं."

"आणि दुसऱ्याच्या नावानं दिला तर?"

"दुसऱ्याचा शब्द आपल्याला कसा देता येईल, बाई? देणारा बांधला गेला. मोडला तर त्यालाच लागतो, दुसरं कोण भोगणार?" आणि गुरुजी पलीकडच्या घाटाकडे निघाले.

चारुशीलानं पत्रावळी खाली ठेवल्या. पारापाशी गेली, साखळी सोडली. मेजर नाखुशीनं उठला आणि लोंबत्या कानानं तिच्यामागे आला. तिनं साखळी मुकुलच्या हातात दिली.

"सकाळी दूध कोमट करायचं, उकळतं नाही," ती म्हणाली. "भाकरी ताजी. शिळी खात नाही, सुस्कारे टाकतो. उजव्या कानात गोचीड होते, दर रविवारी बघायचं. फटाक्यांना घाबरतो, तेव्हा कपाटामागे जागा करून द्यायची. आणि पेढे द्यायचे नाहीत, भार्गवी आल्या तरी."

मुकुल बघतच राहिला. "अगं, काय हे? ते मी बोलण्यापुरतं म्हटलं. वेळ निभावून नेली."

"असं होय? मग अण्णांना सांगा ना तसं." तिनं कठड्याकडे बोट केलं. "अजून इथंच आहेत."

कावळा जिलबी संपवून चोच पुसत होता. मुकुलनं तिकडे पाहिलं. लालासाहेबांनी पाहिलं, घाटावरच्या सगळ्यांनीच पाहिलं. मुकुलनं ओल्या धोतरानं कपाळ टिपलं आणि साखळीचा एक वेढा हाताला घेतला.

"लय चांगला कुत्रा हाय, मुकुलराव," लालासाहेब म्हणाले. "अस्सल हाय."

सोमवारी पहाटे चारुशीलानं स्वतःपुरता चहा केला, बॅग उचलली आणि साडेसहाच्या सांगली गाडीसाठी निघाली. फाटकाची कडी लावताना आतून हाक आली.

"चारू! अगं, हा काहीतरी ओकलाय! पलंगावर ओकलाय!"

"फडकं न्हाणीत आहे," ती म्हणाली, आणि स्टॅण्डच्या रस्त्याला लागली.