घरची जोड

पलूसजवळच्या एका गावात वजीर मुलाणी दहा वर्षं एकच काम इमानानं करीत होता, लालासाहेबाच्या हातून पडायचं. पहाटे तालमीतली माती उकरायची, ताक-हळद-तेल घालून ती मऊ करायची आणि मग तिच्यातच आपली पाठ लावायची. लालासाहेब गावाचा नावाजलेला पैलवान, ढाक हा त्याचा हुकमी डाव. रोज वीसदा तो ढाक टाकी, वीसदा वजीर पडे आणि वस्ताद आप्पासो म्हणत, "शाब्बास, लालासाहेब." पडणाऱ्याचंही अंग दुखतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. गाव वजीरला 'गादी' म्हणे. एकदा तरी कुणी 'पैलवान' म्हणावं, एवढीच त्याची हाव होती.

दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षी जत्रेत लालासाहेबाची शेवटची कुस्ती मेढ्याच्या पैलवानाशी ठरली. पण त्या पैलवानाची एसटी घाटात बंद पडली. दिवस कलला, हलगीवाल्याचे हात भरून आले. जत्रेचं मैदान निकाली कुस्तीवाचून उठवायचं नाही, ही गावाची रीत. शेवटी वस्तादांनी पाण्याची बादली धरून उभ्या असलेल्या वजीरला हाक मारली.

"लंगोट चढीव. आता घरचीच जोड लावतो. पाच मिन्टं खेळव आन् पड."

"व्हय, वस्ताद."

वजीर मातीत उतरला तसा मैदानात हशा पिकला. "गादी आली रं!" तेही त्यानं गिळलं असतं. त्याला त्याची सवय होती. पण हात मिळवताना लालासाहेबानं जांभई दिली. ती जांभई वजीरला झोंबली.

आणि इथंच वस्तादांचं गणित चुकलं. दहा वर्षं एकच डाव एकाच माणसावर टाकला, तर तो डाव टाकणाऱ्यापेक्षा पडणाऱ्यालाच जास्त कळतो. ढाक टाकण्याआधी लालासाहेबाचा डावा पाय बोटभर मागं सरकतो, हे त्याच्या जन्मदात्या आईलाही माहीत नव्हतं. वजीरला होतं. पाय सरकला. वजीर पडला नाही. खाली शिरून, त्याचे पाय कवळून ओढत त्यानं पट काढला आणि गावाच्या पैलवानाला अस्मान दाखवलं.

कुणी टाळी वाजवली नाही. वजीर हात वर करायचंही विसरला. तो हात लालासाहेबानंच उठून वर केला.

"मंडळी, धा वर्सं ह्यानं माज्यासाटनं माती उकारली. आज ही कुस्ती म्या त्याला दिली."

मग मैदान उसळलं. काय दिलदार गडी, म्हणून म्हातारे डोळे पुसू लागले. फेटा लालासाहेबाच्या डोक्यावर चढला, गुलालात त्याची मिरवणूक निघाली. वजीरच्या हातात नारळ आला.

"वस्ताद, तुमी बघितलंसा न्हवं?" वजीरनं विचारलं.

"बघितलं. गप ऱ्हा. गावात पैलवान येकच आस्तो."

वजीरची आई हाजराबी जत्रेत बांगड्या विकत बसली होती. तिला लोकांनी सांगितलं तेवढंच कळलं. मिरवणूक समोरून जाताना ती धावत गेली आणि लालासाहेबापुढं हात जोडून म्हणाली, "आवं, लय उपकार झालं." गर्दीतून वजीर ते बघत होता. मातीत कधी पडला नव्हता तेवढा तो त्या क्षणी पडला.

घरी तो म्हणाला, "अम्मा, मैंच पाड्या उसको."

"ऐसा नको बोल रे. उनो सुने तो क्या कहेंगे."

दुसऱ्या दिवशी तिनं गुळाचे लाडू वळले आणि डबा वजीरच्याच हाती दिला. भर दुपारी तो लालासाहेबाच्या दारात उभा राहिला. लालासाहेबानं डबा घेतला, पण मान वर केली नाही.

"उद्यापास्नं तालमीत येऊ नगंस," तो हळूच म्हणाला. डबा घेऊन आत वळला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पैलवान."

ऐकायला गल्लीत चिटपाखरूही नव्हतं.